‘पुढे’ जाणाऱ्या संगीताची वाट पाहताना

महोत्सवाची वाट पाहणे ही रसिकाची जुनी सवय आहे आणि तिचाही इतिहास लिहिता येतो. कोणत्या काळातला श्रोता नेमकी कशाची वाट पाहत होता, हे एकदा कळले की त्या काळाने कलेकडून काय मागितले होते तेही कळते. प्रोग्रेसिव्ह रॉक ह्या संगीतप्रकाराच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अडचणीचा होतो. ज्या संगीताच्या नावातच पुढे जाण्याची प्रतिज्ञा आहे, त्याच्या महोत्सवाला निघालेला श्रोता आज पुष्कळदा पन्नास वर्षांपूर्वीची एखादी रचना स्वर न् स्वर तशीच ऐकायला मिळावी म्हणून निघालेला असतो. येत्या उन्हाळ्यातही युरोप-अमेरिकेत असे महोत्सव भरतील, त्यांची पत्रके निघतील, आणि त्या पत्रकांवरील नावे वाचताना आमच्यासारख्यांच्या मनात उत्सुकतेबरोबर एक शंकाही जागी होईल. आपण पुढच्या संगीताची वाट पाहत आहोत, की मागच्या?

साहित्याच्या अभ्यासकाला ही शंका अपरिचित वाटू नये. ‘नवकथा’ आणि ‘नवकाव्य’ हे शब्द आपण आजही वापरतो. त्यांतले ‘नव’ सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे झाले आहे, आणि ते आता काळाचे विशेषण उरलेले नसून एका प्रवृत्तीचे नाव झाले आहे. ‘प्रोग्रेसिव्ह’चेही असेच झाले. मात्र ते कसे झाले, हे ग्रंथांपेक्षा महोत्सवांच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते, असे आमचे मत आहे.

१

आधी शब्दाविषयी. मराठीत ह्या विशेषणासाठी ‘पुरोगामी’ आणि ‘प्रगतिशील’ असे दोन शब्द सिद्ध आहेत. पण दोहोंना आपापला राजकीय इतिहास आहे. १९३६ साली स्थापन झालेल्या प्रगतिशील लेखक संघाची आठवण एकाला चिकटलेली आहे, तर महाराष्ट्रातील समाजसुधारणेच्या परंपरेची दुसऱ्याला. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा शब्द रॉकला लागला तेव्हा त्यात असा राजकीय आशय फारसा नव्हता. त्याआधी, १९४० च्या दशकात, अमेरिकेत स्टॅन केंटन ह्या वाद्यवृंदप्रमुखाने आपल्या संगीतासाठी ‘प्रोग्रेसिव्ह जॅझ’ हा शब्दप्रयोग रूढ केला होता. १९६८ मध्ये निघालेल्या ‘कॅरव्हॅन’ ह्या गटाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील मजकुरात ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हा शब्दप्रयोग आढळतो. त्याचा अर्थ एवढाच होता की तीन मिनिटांच्या नाचगाण्यापलीकडे जाऊ पाहणारे, युरोपीय अभिजात संगीत, जॅझ, लोकसंगीत, काव्य अशा कशाशीही सोयरीक करायला तयार असलेले रॉक.

ह्या विस्ताराला एक भौतिक कारणही होते. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणाऱ्या दीर्घवादन तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावते. दिवाळी अंकाच्या पानांनी जशी आपल्याकडच्या दीर्घकथेला जागा आणि लांबी दिली, तशीच ह्या तबकडीच्या एका बाजूने प्रोग्रेसिव्ह रॉकला आपला आकार दिला. ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ची १९७१ मधील दीपस्तंभाच्या रखवालदारावरील दीर्घरचना, ‘येस’ची १९७२ मधील ‘क्लोज टू दि एज’, त्याच वर्षीची ‘जेनेसिस’ची ‘सपर्स रेडी’ ह्या तिन्ही रचना एक संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण बाजू व्यापतात. म्हणजे ज्याला आपण ह्या संगीताचे महाकाव्यात्म रूप म्हणतो, त्याच्या मर्यादा कारखान्यातही आखल्या गेल्या होत्या.

२

नावात ‘प्रोग्रेसिव्ह’ मिरवणारा सुरुवातीचा मोठा महोत्सव म्हणजे १९७० च्या जूनअखेरीस इंग्लंडमधील शेप्टन मॅलेट येथे फ्रेडी बॅनिस्टर ह्यांनी भरवलेला ‘बाथ फेस्टिव्हल ऑफ ब्लूज अँड प्रोग्रेसिव्ह म्युझिक’. त्याची कलावंतांची यादी आज वाचली तर गंमत वाटते. लेड झेपलिन, फ्रँक झापा, सांताना, जेफर्सन एअरप्लेन अशी मंडळी तेथे होती. ह्यांतील बहुतेकांना आजचा काटेकोर चाहता ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणणार नाही. शब्द अजून दिशेचा वाचक होता, जातीचा झाला नव्हता.

ह्या महोत्सवात रात्र बरीच उलटून गेल्यावर पिंक फ्लॉइडने गायकवृंद आणि पितळी वाद्यांचा ताफा सोबत घेऊन एक दीर्घ रचना सादर केली. ती तोवर तबकडीवर आलेली नव्हती. तिला कायमचे नावही नव्हते; ‘दि अमेझिंग पुडिंग’ अशा थट्टेच्या नावाने ती श्रोत्यांपुढे आली. पुढे जुलैत, अणुशक्तीवर चालणारा हृदयनियंत्रक बसवलेल्या एका स्त्रीविषयीच्या वृत्तपत्रीय मथळ्यावरून तिला ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ हे नाव मिळाले आणि ऑक्टोबरात त्याच नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. शेप्टन मॅलेटच्या मैदानावर जागरण करणारा श्रोता निनावी, अपुऱ्या, अजून घडत असलेल्या गोष्टीपुढे बसलेला होता. त्याच मैदानावर जवळच्या पिल्टन गावचे एक दुग्धव्यावसायिक शेतकरी मायकेल ईव्हिस हेही आले होते. त्यांनी प्रभावित होऊन त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या शेतावर एक छोटा महोत्सव भरवला. तोच पुढे ग्लॅस्टनबरी ह्या नावाने जगभर गाजला.

त्याच्या आदल्या वर्षी, ५ जुलै १९६९ रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या विनामूल्य मैफलीत ‘किंग क्रिम्सन’ हा अगदी नवा गट लाखोंच्या जमावापुढे वाजवून गेला होता. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका त्यानंतर तीन महिन्यांनी, ऑक्टोबरात आली. १९७० च्या ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइटवर ‘इमर्सन, लेक अँड पामर’ हे त्रिकूट तोफांचे बार काढत अवतरले; त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम त्यापूर्वी जेमतेम आठवड्याभरापूर्वी प्लिमथ येथे झाला होता. तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे: महोत्सव आधी आणि तबकडी नंतर. श्रोता जे ओळखत नव्हता त्याची वाट पाहत होता.

आइल ऑफ वाइटच्या गर्दीचा परिणाम मात्र कायद्यात झाला. बेटाच्या लोकवस्तीच्या कित्येक पट माणसे तेथे लोटली, आणि १९७१ मध्ये ब्रिटिश संसदेने एक स्थानिक कायदा करून त्या बेटावर पाच हजारांहून अधिक लोकांच्या रात्रभराच्या उघड्यावरील मेळाव्यांना परवाना सक्तीचा केला. तेथील महोत्सव पुन्हा भरला तो २००२ साली.

३

इंग्लंडमध्ये ह्या शब्दातून गळालेला राजकीय आशय इटलीत परत आला. इटालियन श्रोत्यांनी ह्या संगीताला जे प्रेम दिले ते त्याच्या मायदेशानेही दिले नव्हते. व्हॅन डर ग्राफ जनरेटरची ‘पॉन हार्ट्स’ ही ध्वनिमुद्रिका तिकडे विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती. ‘रे नूदो’ ह्या प्रतिसंस्कृतीच्या नियतकालिकाने १९७४ ते १९७६ ह्या काळात मिलानच्या लाम्ब्रो उद्यानात श्रमिक तरुणांचे महोत्सव भरवले. तेथे ‘आरेआ’सारख्या गटाचे संगीत ऐकताना ‘प्रोग्रेसिव्ह’ आणि आपला ‘पुरोगामी’ हे दोन्ही शब्द क्षणभर एकाच अर्थाचे होतात. लघुनियतकालिकांची चळवळ पाहिलेल्या मराठी वाचकाला नियतकालिकाने महोत्सव भरवण्याची ही कल्पना दूरची वाटणार नाही. मात्र १९७६ चा महोत्सव गोंधळात आणि हाणामाऱ्यांत विसकटला, आणि त्याबरोबर एका पिढीचा सामुदायिक उत्सवावरचा विश्वासही.

ह्याच ‘आरेआ’चा गायक देमेत्रिओ स्त्रातोस. मानवी आवाज एकाच वेळी किती स्वर काढू शकतो ह्याचा शोध घेणारा हा कलावंत १९७९ मध्ये गंभीर आजारी पडला. उपचारांसाठी निधी उभा करावा म्हणून १४ जून रोजी मिलानच्या आरेना ह्या क्रीडांगणात मोठी मैफल ठरली. आदल्याच दिवशी, १३ जूनला, न्यूयॉर्कच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले. मैफल रद्द झाली नाही. एकाला वाचवण्यासाठी जमायचे ठरवलेली हजारो माणसे त्याला निरोप द्यायला जमली. वाट पाहण्याच्या इतिहासात ह्या संध्याकाळीइतके विदारक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दरम्यान लंडनमध्ये एक वेगळा प्रयोग झाला होता. १२ मार्च १९७८ रोजी ‘हेन्री काऊ’ ह्या इंग्लिश गटाने इटलीचा ‘स्टॉर्मी सिक्स’, स्वीडनचा ‘साम्ला मामास मान्ना’, बेल्जियमचा ‘युनिव्हेर झेरो’ आणि फ्रान्सचा ‘एत्रों फू लेलुब्लां’ ह्यांना न्यू लंडन थिएटरमध्ये एकत्र आणले. ‘रॉक इन ऑपोझिशन’ हे त्या महोत्सवाचे नाव. ध्वनिमुद्रण कंपन्या जे संगीत तुमच्यापर्यंत पोहोचू देत नाहीत ते येथे ऐका, असा त्याचा आशय होता. पाच देशांतले, आपापल्या भाषेत गाणारे किंवा मुळीच न गाणारे हे गट एकमेकांचे कार्यक्रम ठरवू लागले, तबकड्या विकू लागले. येथे महोत्सव हा बाजाराला पर्याय म्हणून उभा राहिला. पाश्चात्त्य रॉकची भाषा इंग्रजीच असली पाहिजे हा समजही त्याने मोडला, आणि भाषाभ्यासकांच्या दृष्टीने हे त्याचे महत्त्व कमी नाही.

४

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पंकच्या उदयाबरोबर प्रोग्रेसिव्ह रॉक संपला, असे सोपे वाक्य पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. प्रत्यक्षात संपली ती त्याची प्रतिष्ठा. श्रोता संपला नाही. तो विखुरला, आणि इंटरनेट आल्यावर पुन्हा एकत्र आला. १९९७ मध्ये ‘मॅरिलियन’ ह्या ब्रिटिश गटाला अमेरिका-दौरा परवडत नाही हे कळताच तेथील चाहत्यांनी इंटरनेटवरून सुमारे साठ हजार डॉलर जमवले आणि दौरा घडवून आणला. मग गटाने स्वतःच ही युक्ती उचलली. २००१ ची ध्वनिमुद्रिका तयार होण्यापूर्वीच बारा हजारांहून अधिक चाहत्यांनी तिचे पैसे भरले. मराठी प्रकाशनव्यवहाराला प्रकाशनपूर्व सवलतीची आणि ग्राहकयोजनांची जुनी ओळख आहे, तत्त्व तेच. वाट पाहणे हेच येथे भांडवल झाले.

ह्याच विखुरलेल्या श्रोत्यांनी नवे महोत्सव उभारले. लॉस एंजेलिसचा ‘प्रॉगफेस्ट’ १९९३ मध्ये सुरू झाला. ‘एंग्लागोर्ड’ ह्या तरुण स्वीडिश गटाचे १९९४ चे तेथील वादन पुढे ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने निघाले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात, पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथे, ‘निअरफेस्ट’ सुरू झाला. ही मैदाने नव्हती, सभागृहे होती. हजारएक खुर्च्यांच्या ह्या सभागृहांत श्रोते नाटकाला बसावे तसे बसत, आणि सुरुवातीच्या वर्षांत तिकिटे बघता बघता संपत. २००३ मध्ये फ्रान्सचा ‘माग्मा’ तेथे आला. हा गट एका कल्पित ग्रहाच्या, स्वतः रचलेल्या कोबाइयन भाषेत गातो.

पण २०११ मध्ये अपुऱ्या तिकीटविक्रीमुळे निअरफेस्ट रद्द करावा लागला, आणि २०१२ मध्ये ‘अपोकॅलिप्स’ असे नाव देऊन त्याचा शेवटचा प्रयोग झाला. संगीत संपले होते काय? तसे नाही, त्याच सुमारास अनेक नवे गट उत्तम काम करत होते. आमच्या मते हा अनोळखीपणाची किंमत मोजायला श्रोता कितपत तयार आहे, ह्याचा हिशेब होता. यादीत एखादे जुने मोठे नाव असले की खुर्च्या भरतात. ते नसले की आयोजकाच्या खिशाला खार लागतो. हजार खुर्च्यांचे सभागृह हौशी आयोजकाला दोनदा तोटा सोसू देत नाही.

५

जर्मनीतील ‘नाइट ऑफ द प्रॉग’ हा महोत्सव २००६ मध्ये सुरू झाला तो लोरेलाय येथे. हे स्थळ साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य लक्षात घ्यावे असे आहे. ऱ्हाइन नदीच्या एका अरुंद वळणावरचा हा उभा कडा. १८०१ मध्ये क्लेमेन्स ब्रेन्टानोने एका पोवाडावजा कवितेत लोरेलाय ह्या स्त्रीची कथा रचली, आणि १८२४ मध्ये हाइन्रिश हाइनेने नाविकांना गाण्याने भुलवून बुडवणारी लोरेलाय अजरामर केली. पुढे त्याच कड्यावर नाझी राजवटीने १९३४ ते १९३९ ह्या काळात एक खुले रंगमंदिर उभारले, सामुदायिक प्रचारनाट्यांसाठी. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या कवीने गाजवलेल्या कड्यावर ज्यूद्वेष्ट्या सत्तेचे रंगमंदिर! त्याच दगडी पायऱ्यांवर १९८७ मध्ये मॅरिलियनची मैफल चित्रित झाली, आणि २००६ पासून पुढे अनेक उन्हाळे प्रोग्रेसिव्ह रॉकचे श्रोते तेथे बसले.

गाणे माणसाला कड्यावर नेऊन आदळते, ही लोरेलायची मूळ कथा. समूहाला एका सुरात बांधण्याचे सामर्थ्य किती घातक असू शकते, हे त्या पायऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्याच जागी सात मात्रांच्या, तेरा मात्रांच्या आडवळणी तालांवर मान हलवताना गोंधळणारा श्रोतृसमुदाय बसतो, ह्यात आम्हांला एक दिलासा वाटतो. ह्या संगीतावर एका पावलात कवायत करणे कठीण आहे.

६

मुंबईचा ह्या इतिहासाशी संबंध आला तो मुख्यतः श्रवणातून. काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’सारख्या, २०१६ मध्ये बंद झालेल्या, दुकानातून घेतलेल्या आणि मग हातोहात उतरवलेल्या कॅसेटींवर येथील दोन-तीन पिढ्या हे संगीत शिकल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स ह्यांनी मुंबईत ‘द डार्क साइड ऑफ द मून’ समग्र सादर केले. डिसेंबर २००९ मध्ये मुंबई आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’त ‘पॉर्क्युपाइन ट्री’ हा गट वाजवून गेला. ह्या दोन मैफली शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिलीत चौतीस वर्षांपूर्वीची संहिता होती. दुसरीत सप्टेंबरात प्रसिद्ध झालेली, जेमतेम तीन महिन्यांची रचना होती. दोन्हीकडे लोक उत्सुकतेने गेले, पण ही उत्सुकता एकाच जातीची नव्हती.

आणि येथे एक विरोधाभास ध्यानात येतो. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ पिंक फ्लॉइडने जानेवारी १९७२ पासून मैफलींत वाजवायला घेतले होते. तबकडी निघाली मार्च १९७३ मध्ये. वर्षभर ते श्रोत्यांपुढे बदलत, दुरुस्त होत गेले. ब्राइटनच्या पहिल्या प्रयोगात तर तांत्रिक बिघाडामुळे ते मध्येच थांबवावे लागले. आज ज्या कृतीची अक्षर न् अक्षर पुनरावृत्ती आपण मागतो, तिचे बालपण असे अस्थिर होते. दुसऱ्या टोकाला कॅनडाचा ‘द म्युझिकल बॉक्स’ हा गट आहे. जेनेसिसचे १९७० च्या दशकातील प्रयोग वेशभूषेसह, प्रकाशयोजनेसह हुबेहूब उभे करणे हेच त्याचे व्रत. पाठचिकित्सकाच्या निष्ठेने केलेले हे काम आम्ही कमी लेखत नाही. परंतु ते संपादन आहे, लेखन नव्हे.

ओळखीच्याची वाट पाहण्यात मुळात काही वावगे आहे असेही नाही. संगीत नाटकाचा मराठी प्रेक्षक पद पाठ करून यायचा आणि ‘वन्स मोअर’ द्यायचा. मात्र त्या ‘वन्स मोअर’ला गायक नट तेच पद तसेच परत म्हणत नसे, नवी जागा घेई, नवा विस्तार करी. सवाई गंधर्व महोत्सवात रात्र जागवलेला श्रोताही ओळखीच्या रागाचीच वाट पाहत असे, पण त्या रात्रीचा राग त्याने आधी ऐकलेला नसे. ओळख आणि अनोळख ह्यांची ही सांगड रागसंगीताला त्याच्या रचनेतच लाभली आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकला ती दर वेळी प्रयत्नाने साधावी लागते, कारण त्याची संहिता लिखित नसली तरी मुद्रित आहे.

ह्या प्रयत्नाला आता काळाची निकड आहे. ख्रिस स्क्वायर २०१५ मध्ये गेले, कीथ इमर्सन आणि ग्रेग लेक दोघेही २०१६ मध्ये, जॉन वेटन २०१७ मध्ये. ‘येस’ हे नाव चालू आहे, पण १९६८ च्या मूळ पाचांपैकी त्यात कोणी उरलेले नाही. मूळ कलावंताच्या हातून मूळ रचना ऐकण्याची वाट पाहणाऱ्या श्रोत्यापुढचा रस्ता दरवर्षी आखूड होत आहे. ही वाट पाहणेच महोत्सवाचा एकमेव आधार असेल, तर शेवटच्या वादकाबरोबर महोत्सवही संपेल.

म्हणून येत्या महोत्सवाचे पत्रक हाती आले की आम्ही ते खालून वर वाचणार आहोत. वर, ठळक अक्षरांत, ओळखीची नावे असतील. ती ऐकू, मनापासून ऐकू. पण खाली, बारीक टाइपात, दुपारच्या उन्हात अर्ध्या रिकाम्या पायऱ्यांपुढे वाजवणारा एखादा गट असेल, ज्याचे नाव आम्हांला नीट उच्चारताही येणार नाही. शेप्टन मॅलेटला त्या रात्री ऐकलेल्या रचनेलाही नाव नव्हतेच. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकी कोणी ह्या उन्हाळ्यात अशा महोत्सवाला जाणार असेल, तर आमची विनंती इतकीच, की दुपारीच जाऊन बसावे.